न पुसलेला फळा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि विषय दिला, "कॉम्प्युटरवर काहीतरी बोल." ग्रुपवर लगेच फर्माईश आली की एआयवर बोल, नोकऱ्या राहणार की जाणार ते सांग. ते मला सांगता येणार नाही. ज्यांना सांगता येतं असं ते स्वतः म्हणतात, त्यांची भाषणं तुमच्या फोनवर फुकट मिळतात. मी आज एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती चार ओळींची आहे. सी भाषा जितकी जुनी तितकीच ही चूक जुनी आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी ती नव्याने करतात, आणि पंधरा-वीस वर्षं अनुभव असलेली माणसंही करतात.

हा विषय निवडण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्यापैकी निम्म्यांची मुलं आता बारावीत नाहीतर फर्स्ट इयरला आहेत. गेल्या दोन महिन्यांत तुमच्यातल्या तिघांनी मला फोन करून एकच गोष्ट विचारली, "पॉइंटर म्हणजे काय गं? पोराला काही केल्या कळत नाहीये." फोनवर ते नीट सांगता आलं नाही, कारण त्याला फळा लागतो. आज मागे फळा आहे, आणि तोही आपल्याच शाळेचा.

सुरुवात बीजगणितापासून करते. बाईंनी आपल्याला 'चल' शिकवला. क्षची किंमत काढा. आपण क्ष इकडून तिकडे नेला, चिन्ह बदललं, किंमत काढली. या सगळ्यात क्ष राहतो कुठे, हा प्रश्न कोणालाच पडला नाही, आणि पडायचं कारणही नव्हतं. गणितातल्या क्षला घर लागत नाही. तो जन्मत नाही आणि मरतही नाही. सी भाषेत व्हेरिएबल शिकताना मुलांना वाटतं, हा तोच क्ष. नाव आणि किंमत, झालं. पहिले दोन महिने तसं समजूनही निभावून जातं. मग पॉइंटर येतो आणि सगळं कोसळतं. कारण सीमधल्या व्हेरिएबलला नाव आणि किंमत याशिवाय आणखी दोन गोष्टी असतात: मेमरीतली जागा, म्हणजे पत्ता, आणि आयुष्य, म्हणजे ती जागा त्याच्या नावावर कधीपासून कधीपर्यंत आहे. पॉइंटर म्हणजे दुसरं काही नाही, पत्ता लिहून ठेवलेला कागद. मुलांना कठीण जातं ते आयुष्य, आणि ते बहुतेक ठिकाणी नीट शिकवलंच जात नाही.

आमच्या वेळी टर्बो सी होतं. निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं. आणि पुस्तक एकच, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. भारतात ज्यांनी नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर इंजिनिअरिंग केलं त्यांच्या घरात माळ्यावर ते आजही सापडेल. कानेटकरांनी पॉइंटरवर एक वेगळं पुस्तकही लिहिलं, यावरूनच कळावं की अडतं कुठे. मूळ भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९७२च्या सुमारास बनवली, आजच्या मानाने अगदी चिमुकल्या मेमरीच्या कॉम्प्युटरसाठी. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आता फळ्याकडे या. असं समजा, प्रोग्रामला चालताना कच्चं काम करायला हा एक लांबलचक फळा दिलेला आहे. मुख्य फंक्शन वरच्या भागात आपले आकडे लिहितं आणि त्याखाली एक आडवी रेघ मारतं. रेघेच्या वरचं वापरात आहे, खालचं मोकळं. त्याने दुसऱ्या फंक्शनला बोलावलं, की ते फंक्शन रेघेखाली आपली व्हेरिएबल्स लिहितं आणि रेघ आणखी खाली सरकवतं. त्याने तिसऱ्याला बोलावलं, की ते त्याच्याही खाली. शिवाय काम झाल्यावर कुठे परत जायचं, तेही प्रत्येक जण तिथेच लिहून ठेवतो. परतीचं तिकीटच म्हणा ना. याला स्टॅक म्हणतात. ताटांची चळत असते तसा हा हिशेब, शेवटी ठेवलेलं ताट आधी निघतं. (ॲलन ट्युरिंग यांनी १९४६च्या आपल्या यंत्राच्या आराखड्यात याच कल्पनेला जे शब्द वापरले त्यांचा अर्थ होतो 'पुरणे' आणि 'उकरणे'. मला ते चळतीपेक्षा जास्त आवडतात.)

फंक्शनचं काम संपलं, की काय होतं? आपल्याला वाटतं, त्याचं लिहिलेलं पुसलं जातं. नाही. फक्त रेघ परत वर सरकते. लिहिलेलं तसंच राहतं. शाळेत नाही का, भूगोलाचा तास संपतो, सर निघून जातात, आणि फळ्यावर मान्सूनचे बाण तसेच असतात. पुढच्या तासाच्या बाई आल्या आणि त्यांना जागा लागली, की तेवढे बाण जातात. मधल्या पाच मिनिटांत वर्गात डोकावणाऱ्याला वाटतं, भूगोल चालू आहे.

आता ती चार ओळींची चूक. एक फंक्शन आहे, त्याला 'बेरीज' म्हणू. त्याच्या आत एक व्हेरिएबल, 'उत्तर'. दोन आकडे मिळवून त्यात टाकले. शेवटची ओळ: उत्तराचा पत्ता परत दे. सीमध्ये नावाआधी & लावलं की पत्ता मिळतो, आणि पत्त्याआधी * लावलं की तिथे जाऊन काय आहे ते बघता येतं. मुख्य फंक्शनला पत्ता मिळाला. तो पत्ता अगदी बरोबर आहे, एका अंकानेही चुकलेला नाही. फक्त तो रेघेखालचा आहे.

आमच्या लॅबमध्ये हा प्रोग्राम चालवला की गंमत व्हायची. पत्त्यावरची किंमत स्क्रीनवर छापा म्हटलं, की बरोबर उत्तर यायचं. तीच ओळ लगेच खाली पुन्हा लिहिली, की दुसऱ्या वेळी भलताच आकडा. दोन एकसारख्या ओळी, दोन उत्तरं. मुलं म्हणायची, मशीन खराब आहे, बाजूचं घेऊ. कारण अगदी साधं आहे. पहिल्या वेळी किंमत आधी वाचली गेली आणि मग छापणाऱ्या फंक्शनला बोलावलं गेलं. बाण अजून फळ्यावर होते. पण छापणारं फंक्शनही शेवटी फंक्शनच, त्यालाही कच्च्या कामाला फळा लागतो, आणि त्याने रेघेखालीच लिहायला घेतलं. दुसऱ्यांदा वाचायला जाईपर्यंत तिथे दुसऱ्याचाच हिशेब होता.

आजच्या कंपायलरवर हाच प्रोग्राम कदाचित वेगळं काही करेल. शून्य देईल, कोसळेल, किंवा दोन्ही वेळा बरोबर उत्तर देईल. सीच्या नियमपुस्तकाप्रमाणे, वस्तूचं आयुष्य संपलं की तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरची किंमतच अनिश्चित होते, आणि तो वापरला तर काय व्हावं हे ठरलेलंच नाही. म्हणजे बरोबर उत्तर येण्यालाही बंदी नाही! मला हा या सगळ्यातला सर्वांत वाईट भाग वाटतो. आपल्या गणिताच्या बाई उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नसतील तर गुण कापायच्या. तेव्हा आपण किती कुरकुरलो होतो! कॉम्प्युटर मात्र पायऱ्या तपासत नाही.

पत्ता बरोबर आणि माणूस नाही, ही कल्पना आपल्या विठ्ठलवाडीच्या मुलांना तरी नवीन नसावी. आपल्यातले अर्धे कोळसेवाडीकडून यायचे, अर्धे उल्हासनगरच्या कॅम्पातून. कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला लष्कराचा तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं तिथल्या बॅरेकींमध्ये राहिली, आणि १९४९मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. तिथल्या पत्त्यांत बॅरेकचा नंबर अजून लिहितात. त्यातल्या कितीतरी बॅरेकी केव्हाच पाडल्या गेल्या, त्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. तरी पत्र पोचतं, कारण मध्ये पोस्टमन आहे. त्याला माहीत असतं की ह्या नंबरची बॅरेक आता अमुक इमारत आहे आणि ते कुटुंब वरच्या मजल्यावर गेलंय. मेमरीत पोस्टमन नाही. पत्त्यावर जो कोणी सापडेल त्याच्या हातात पत्र. तो ते उघडूनही वाचतो.

नाव आणि आयुष्य या दोन गोष्टींचीही मुलं गल्लत करतात. फंक्शनच्या आतलं नाव बाहेर दिसत नाही, हा एक नियम. फंक्शन संपलं की आतलं व्हेरिएबल संपतं, हा दुसरा. हे दोन्ही नेहमी एकत्र भेटतात म्हणून मुलं ते एकच समजतात. पण त्याच व्हेरिएबलच्या आधी 'स्टॅटिक' हा शब्द लावला, तर नाव बाहेर दिसत नाहीच, पण वस्तू मात्र प्रोग्राम संपेपर्यंत जिवंत राहते. ती फळ्यावर लिहिली जात नाही, भिंतीवर ऑइलपेंटने रंगवली जाते. आपल्या जिन्यात भारताचा नकाशा रंगवलेला होता तशी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? लॅबमधला एक आकडा चुकला. म्हणून एक खरी घटना सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही.

औषधं ठेवायची एक शीतखोली होती. आत तापमान २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. तिथे एक छोटं यंत्र लावलेलं, दर मिनिटाला तापमान बघणारं. मर्यादा ओलांडली, की ते रात्रपाळीच्या रखवालदाराच्या मोबाइलवर मेसेज पाठवतं. आतला प्रोग्राम सीमध्ये. दोन वर्षं सगळं सुरळीत. मग प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, आणि अधूनमधून मेसेज विचित्र यायला लागले. कधी सुरुवातीला चौकोन नि चिन्हं, कधी अख्खा मेसेजच कोरा. सगळ्यांचा संशय मोबाइल नेटवर्कवर. सिम दोनदा बदललं. रखवालदाराला कोऱ्या मेसेजची सवय झाली. मग एका मे महिन्यातल्या रात्री वीज गेली, जनरेटर लागला नाही, तापमान चढलं, यंत्राने इमानदारीत मेसेज पाठवला, आणि तो कोरा गेला. सकाळी तो सगळा माल फेकून द्यावा लागला. त्यानंतर आमच्या टीमला बोलावलं.

दोन दिवस मी नुसते बिघडलेले मेसेज गोळा करत होते. त्यातली चिन्हं अक्षरं म्हणून वाचली तर अर्थ लागत नव्हता. आकडे म्हणून वाचली तेव्हा काही आकडे पुन्हा पुन्हा दिसायला लागले, आणि ते तापमानाचे नव्हते. प्रोग्राममध्ये कुठून कुठे परत जायचं, त्याचे ते पत्ते होते. परतीची तिकिटं! मेसेजमध्ये तिकिटं दिसतायत म्हणजे मेसेज फळ्यावर कुठेतरी रेघेखाली पडलाय. मग शोधायला वेळ लागला नाही. मेसेज तयार करणारं फंक्शन आपल्या आतल्या जागेत वाक्य जुळवत होतं आणि त्या जागेचा पत्ता परत देत होतं. बोलावणारा लगेच तिथून अक्षरं उचलून मोडेमकडे न्यायचा. मध्ये दुसऱ्या फंक्शनला बोलावत नव्हता, म्हणून बाण शाबूत राहायचे.

मग बिघडायचं का? इथे शाळेतलं आणखी एक पात्र लागतं: नोटिशीची वही घेऊन येणारे शिपाई काका. तास कोणताही चालू असो, ते आले की सर थांबतात, सूचना वाचली जाते, तास पुढे सुरू. कॉम्प्युटरमध्ये याला इंटरप्ट म्हणतात. घड्याळाचा ठोका पडला, सेन्सरकडून आकडा आला, की चालू काम तिथल्या तिथे थांबतं आणि आधी ते उरकलं जातं. या यंत्रातली चिप त्यासाठी त्याच फळ्यावर, रेघेच्या लगेच खाली, आठ नोंदी लिहायची. प्रत्येकी चार बाइट, म्हणजे बत्तीस बाइट. फंक्शन परतल्यापासून अक्षरं उचलून होईपर्यंत जी एवढीशी फट होती, तिच्यात शिपाई काका आले, तर बत्तीस बाइट वाक्यावर. सीमध्ये वाक्य कुठे संपतं हे शून्याच्या एका बाइटने ओळखतात. तो शून्य नेमका पहिल्याच जागी पडला, तर वाक्य सुरू होण्याआधीच संपलं. म्हणून कोरा मेसेज.

आणि दोन वर्षं का चाललं? जुन्या आवृत्तीत घड्याळाचा ठोका सेकंदाला दहा वेळा पडायचा. नव्या आवृत्तीत कोणीतरी सेन्सर जास्त बारकाईने वाचायचा म्हणून तो हजारवर नेला. चूक पहिल्या दिवसापासून तिथेच होती. त्या दोन वर्षांतही शंभरपट कमी वेळा का होईना मेसेज बिघडले असणार, कोणी मोजले नाहीत. कंपायलरने पहिल्याच दिवशी इशारा दिला होता: हे फंक्शन स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता परत देतंय. पण प्रोग्राम तयार होताना असे शेकडो बारीकसारीक इशारे स्क्रीनवरून सरकत जायचे, आणि ते वाचायचा रिवाज नव्हता. प्रोग्राम तयार होतोय ना, मग झालं.

दुरुस्ती. तीन वाटा होत्या. पहिली, ती जागा स्टॅटिक करा, भिंतीवर रंगवा. ही सोपी, पण भिंत एकच असते. सीच्या स्वतःच्या लायब्ररीत वेळ वाक्यात लिहून देणारं 'सी-टाइम' नावाचं फंक्शन असंच आहे. त्याला दोनदा बोलावून दोन वेळांचे पत्ते घेतले, तर दोन्ही पत्ते एकच निघतात आणि तिथे दुसरी वेळ असते. दुसरी वाट, 'मॅलॉक' करून वेगळी जागा मागून घ्या. ही शाळेच्या स्टोअरमधून रजिस्टरवर सही करून नेलेल्या वहीसारखी. हवी तितका वेळ ठेवा, पण परत करायची जबाबदारी तुमची. विसरलात तर स्टोअर हळूहळू रिकामं होतं, आणि वर्षानुवर्षं बंद न होणाऱ्या यंत्रात ते एक दिवस संपतंच. तिसरी वाट आम्ही घेतली: उत्तर हवं असेल तर वही तूच घेऊन ये, मी त्यात लिहून देतो. म्हणजे बोलावणाऱ्याने रेघेच्या वर, स्वतःच्या जागेत मोकळी जागा ठेवायची, तिचा पत्ता आणि लांबी द्यायची, आणि फंक्शनने तिथेच लिहायचं. इथेही पॉइंटरच आहे, पण तो जिवंत जागेचा. लांबी द्यायची ती यासाठी, की वहीबाहेर लिहिलं जाऊ नये. १९८८च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म इंटरनेटभर पसरला. त्याच्या वाटांपैकी एक हीच होती: ५१२ बाइटच्या जागेत त्याहून लांब मजकूर भरायचा आणि शेजारचं परतीचं तिकीट बदलून टाकायचं.

आमच्या यंत्रात बदल फार तर पाच ओळींचा झाला. मग सगळे इशारे नीट वाचले, तेव्हा तोच प्रकार आणखी सात ठिकाणी सापडला.

ज्यांनी फोन केले होते त्यांच्यासाठी. मुलाला सांगा, पॉइंटरचा प्रोग्राम आधी वहीत चालवायचा. एकाखाली एक चौकोन काढायचे, प्रत्येकाला खोटा का होईना एक पत्ता द्यायचा, १०००, १००४ असा, आणि रेघ पेन्सिलने मारायची. फंक्शन परतलं की रेघ खोडून वर मारायची, पण चौकोन खोडायचे नाहीत. दहा प्रोग्राम असे केले की जमतं, मी कितीतरी नव्या मुलांकडून करून घेतलंय. आणि कृपा करून टर्बो सी सोडा. आजचा कुठलाही कंपायलर घ्या, त्याचे सगळे इशारे चालू करा. 'ॲड्रेस सॅनिटायझर' नावाची सोय असते, तिच्यात परतलेल्या फंक्शनची जागा वापरली तर पकडण्याचा पर्यायही आहे. तो लावला की प्रोग्राम तिथेच थांबतो आणि ओळ क्रमांकासकट सांगतो, हा पत्ता मेलेला आहे. आमच्या वेळी हे असतं तर बाजूचं मशीन घ्यायला धावावं लागलं नसतं.

*

(भाषण संपल्यावर विज्ञानाच्या सरांनी एक प्रश्न विचारला. तो आणि त्याचं उत्तर संपादकांच्या सांगण्यावरून इथे देत आहे.)

सरांनी विचारलं, "पण मग तास संपल्यावर फळा पुसूनच का जात नाहीत? आम्ही तर तुम्हाला रोज सांगायचो."

सर, पुसायला वेळ लागतो. रेघ वर सरकवणं म्हणजे एका आकड्यात मिळवणी करणं, एवढंच. पुसायचं म्हटलं तर जितके बाइट तितकं काम, आणि प्रोग्राममध्ये फंक्शनं सेकंदाला लाखो वेळा बोलावली जातात. १९७२च्या कॉम्प्युटरला ते परवडणारं नव्हतं, म्हणून सीने ते प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या भरवशावर सोडलं. आणि खरं सांगायचं तर पुसून ही चूक जात नाही. चुकीच्या आकड्याऐवजी शून्य मिळेल, एवढाच फरक. 'रस्ट' नावाची एक नवी भाषा आहे, तिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ची. ती फळा पुसत नाही. ती आधीच तपासते की पत्त्याचा कागद वस्तूपेक्षा जास्त दिवस जगणार आहे का. जगणार असेल, तर प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. शिकताना लोक तिच्यावर फार चिडतात. त्या शीतखोलीतल्या यंत्रात मात्र अजून सीच आहे, पण आता एकही इशारा आला तर प्रोग्राम बनायचा थांबतो, अशी कळ तिथे लावून ठेवली आहे.